काळ्या द्रोणांची खोली

त्या खोलीत माणूस बोलला की आवाज तोंडातून निघून समोरच कुठेतरी पडून राही. भिंतीपर्यंत पोचत नसे, परत येणं तर दूरच. बोलणारा पाठमोरा झाला की त्याचं बोलणं मध्येच तुटायचं आणि तो अजून बोलतो आहे हे मानेच्या हालचालीवरून ओळखावं लागे. थोडा वेळ गप्प बसलं तर स्वतःच्या कानशिलातली नाडी ऐकू येई. गिळलेला घोट ऐकू येई. मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा जेमतेम काही श्वास थांबलो आणि बाहेर आलो. अंगणात कोंबड्या भांडत होत्या. त्यांचा कलकलाट ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच जमिनीवर बसलो.

खोली म्हणजे दवनीवाड्याच्या आमच्या घरामागचा गुरांचा जुना कोठा. नवा कोठा बांधल्यावर तो रिकामा पडला होता. स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी माझ्या मोठ्या भावाने तो मागून घेतला.

भाऊ दुसऱ्या महायुद्धात लष्करात रडारवर होता. रडार म्हणजे काय हे त्याने मला अंगणात भिंतीवर चेंडू मारून समजावलं होतं. यंत्र हवेत लाटा सोडतं, लाट विमानावर आदळून परत येते, आणि परत आली म्हणजे तिकडे काहीतरी आहे असं कळतं. तिथल्या एका गोऱ्या सार्जंटने त्याला सांगितलं होतं की शत्रूने पाणबुडीच्या पाण्यावर डोकावणाऱ्या नळीला कोळशाचं काळं रबर फासलं होतं. त्यावर पडलेली लाट परतच येत नसे. पाणबुडी तिथे असे आणि यंत्राला ती नसल्यासारखी वाटे. ही गोष्ट भावाच्या डोक्यातून कधी गेली नाही. लष्करातून सुटल्यावर तो गोंदियात रेडिओ दुरुस्त करू लागला. तिथेच नागपूरच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांशी त्याची ओळख झाली. ते रडारसारख्याच बारीक लाटांवर प्रयोग करत, पण खोलीच्या भिंतींवरून लाटा उलटून येत आणि सगळी मापं बिघडवत. लाटा पिणारी लादी विलायतेत मिळे, ती मागवणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं. भाऊ म्हणाला, मी करून देतो.

आमच्याकडे काय होतं? राइस मिलच्या मागे धानाच्या तुसाचे डोंगर होते. वहिनीचं माहेर सालेकशाकडचं, तिथे पळसावर आणि कुसुमावर लाख होई. भाऊ झाकणाच्या डब्यात तूस अर्धवट जाळून त्याचा कोळसा करी, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत तो कालवी आणि थरांवर थर देई. वरच्या थरात कोळसा अगदी कमी, आत जावं तसा जास्त. मी विचारलं, असं का? तो म्हणाला, "दारातच अडवलं तं लाट वापस फिरते. तिले कळू न देता आत घ्या लागते."

सपाट पाटीपेक्षा टोकदार शंकू बरा, असं त्याला प्रयोगाअंती दिसलं. मग साचा कशाचा करायचा? वहिनीने पळसाचं एक पान गुंडाळलं, काडीने टोचलं आणि लांबट द्रोण करून त्याच्या हातात दिला. तेव्हापासून ती द्रोण टोचायची, भाऊ त्यात काळा लगदा भरायचा, आणि वाळल्यावर पान सोलून काढलं की पानाच्या शिरा शंकूवर उमटलेल्या असायच्या. हळूहळू कोठ्याच्या चारी भिंती आणि वरचं आढं त्या काळ्या द्रोणांनी भरून गेलं. सगळ्यांची टोकं आत. मध्ये उभं राहिलं की ती सगळी टोकं आपल्याकडे वळलेली असत. आवाज मरणं हा त्या भुसभुशीत कोळशाचा जादाचा गुण होता. भावाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त सुई हवी होती.

सुई एका लष्करी भंगारातल्या यंत्राला होती. बैलगाडीतून गोंदियाला नेऊन भरून आणलेल्या बॅटऱ्यांवर ते चाले. लाट सोडणारा एक आणि परतलेली झेलणारा एक, अशा पितळेच्या दोन चौकोनी भोंग्यांसमोर भाऊ टिनाचा पत्रा धरी आणि सुई उसळे. पत्र्यापुढे काळे द्रोण ठेवले की सुई पडे. काही दिसत नसे, काही ऐकू येत नसे. सुई मात्र कोणीतरी हळूच बोट ठेवून दाबावी तशी खाली जाई. मला ते पाहून दर वेळी अंगावर काटा येई. भाऊ लहान मुलासारखा हसे.

एकदा वहिनी चहा घेऊन आत आली आणि भोंगे व पत्रा यांच्या मधून गेली. सुई पडली. भाऊ ओरडला, "पाह्य गा, तुही वहिनी बी खाते!" तिघेही हसलो. मग त्याने सांगितलं की कोणीही मध्ये आलं तरी असंच होतं, माणसाच्या अंगात पाणी असतं आणि पाणीही लाटा खातं. मी हात धरून पाहिला. माझ्या हातानेही सुई पडली. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं तेव्हा हे मला माहीत होतं.

मी गावच्या शाळेत मास्तर होतो. मराठी शिकवत असे. कोठ्यात काय चाललंय हे लोक भावाला विचारायला बिचकत, मला विचारत. चहाच्या दुकानावर एकदा दुकानदारानेच विषय काढला.

"काय गा मास्तर, तुहा भाऊ कोठ्यात काय करून राहिला? बॉम्ब तं नाही न?"

"बॉम्ब नाही. हवेत लाटा असतात, त्या खाणारे द्रोण करतो तो."

"लाटा? तलावाच्या?"

"तलावाच्या नाही, हवेतल्या. दिसत नाहीत त्या."

"दिसत नाही तं खाल्ल्या हे कसं समजते जी?"

"सुई पडते."

"अन् पोट भरलं म्हणजे ढेकर बी देत अशीन सुई!" कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. लोक हसताहेत म्हटल्यावर मी रंगात आलो.

"द्रोणाचं काय घेऊन बसलात? आमची वहिनी समोर गेली तरी सुई पडते. ते बी खाते!"

आमच्याकडे दिराने भावजयीची थट्टा करायचीच असते. न केली तर बाईला वाटतं, भाऊजी रुसले. त्यामुळे मोठा हशा झाला आणि मी चहा पिऊन शाळेत गेलो. आमच्या भागात 'ती बाई खाते' असं म्हटलं की त्याचा आणखी एक अर्थ होतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. करणी करणाऱ्या बाईला तसं म्हणतात. ती लेकरं खाते. पण थट्टेच्या भरात तो अर्थ माझ्या मनात आला नाही, आणि ऐकणाऱ्यांच्याही तेव्हा आला नसावा.

कारण आधी उलटंच झालं. दिवाळी सरली, धानाची कापणी चालू होती. एका बाईचं तान्हं मूल सतत रडत होतं, तिच्या सासूने ठरवलं की त्याला बाहेरचं लागलं आहे. आणि मास्तर तर म्हणतो की कोठ्यातले द्रोण हवेतलं न दिसणारं खातात. ती बाई मूल घेऊन आमच्या अंगणात आली. भाऊ गोंदियाला होता. वहिनीने मूल घेतलं, कोठ्यात जाऊन बसली. मूल झोपलं. तो अंधार, तो गारवा, ती शांतता, कोणीही झोपलं असतं. बाई पाया पडून गेली. दुसऱ्या दिवशी दुसरी आली.

भाऊ आधी चिडला. "दवाखाना लावला का इथं?" पण वहिनीचं तोंड पाहून गप्प बसला. त्यांच्या लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. आता ती त्या काळ्या टोकांच्या मधोमध लोकांची लेकरं मांडीवर घेऊन बसे. एकदा मी दारातून डोकावलो तर तिने मला हाताने जवळ बोलावलं. लांबून बोललेलं ऐकू येणार नव्हतं. जवळ गेल्यावर कानाशी म्हणाली, "भाऊजी, इथं लेकराचा श्वास किती मोठा आयकू येते. जसा काही माह्याच पोटातून निघून राहिला."

मी तेव्हा लोकांना सांगायला हवं होतं की हे द्रोण तसलं काही खात नाहीत. सांगितलं नाही. लोक आमच्या घराकडे आदराने पाहू लागले होते. वहिनी विहिरीवर गेली की बाया तिला आधी पाणी काढू देत. शिवाय माझी बायको दुसऱ्यांदा गरोदर होती. आमचं पहिलं मूल सटवीच्या पूजेआधीच गेलं होतं. बायकोला आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथेच व्हायचं होतं आणि वहिनीने जाहीर करून टाकलं होतं, "पहिली आंघोळ मीच घालीन. कोणं मधात येऊ नका." घरात पुन्हा हसणं आलं होतं. त्यात मी कशाला बोलू?

भाऊ द्रोणांचा पहिला नमुना घेऊन नागपूरला गेला त्याच आठवड्यात शेजारच्या काकीची नात तापाने फणफणली. काकी म्हणजे शेजारची म्हातारी, सारं गाव तिला काकीच म्हणे. गोंदियाच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरत होतं, पण बैलगाडी कापणीवर अडकली होती. तोवर पोरीला वहिनीकडे द्या, असं काकीनेच सुचवलं. दुपारी मी शाळेतून आलो तेव्हा पोरीची आई कोठ्याबाहेर दारापाशी बसली होती. मधूनमधून आत तोंड करून हाक मारत होती, "उठली का वो बाई? उठली का?" ती हाक दाराच्या आत जातच नव्हती. मला बाहेरून ती स्पष्ट ऐकू येत होती आणि आत, पाच-सहा पावलांवर, वहिनी पाठमोरी बसली होती. तिने मान वळवली नाही.

मग ती उठली. पोर तिच्या खांद्यावर होती. उजेडात आली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं नाही.

"श्वास आयकू येत होता, भाऊजी," ती म्हणाली. "मंग आयकू नाही आला. मले वाटलं, झोप लागली."

तापाच्या झटक्याने मूल जातं हे आमच्याकडे कोणाला नवीन नव्हतं. त्या साली इतर घरांतही लेकरं गेली. मी काकीकडे बसायला गेलो तेव्हा ती ओट्यावर चार बायांमध्ये बसली होती. रडून झालं होतं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला भीती वाटली. ती विचार करत होती.

"तू म्हणला होता न गा मास्तर, हवेतलं जे दिसत नाही ते खाते म्हणून."

"काकी, ते लाटा..."

"जीव बी तं दिसत नाही," काकी म्हणाली. "अन् तुही वहिनी समोर गेली का सुई पडते. तूच सांगतलं न? चहाच्या दुकानावर."

मी म्हणालो, "काकी, ते थट्टा होती." ती माझ्याकडे बघत राहिली. शिकलेला माणूस आपलंच बोलणं मागे का घेतो आहे, हे तिला कळत नव्हतं. सुई पडते हे खोटं आहे का, असं तिने विचारलं. खोटं नव्हतं. माझ्या हातानेही पडते, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं आणि मी ते बोललो नाही. त्या ओट्यावर, त्या बायांमध्ये, आपणही खाणाऱ्यांतले आहोत असं म्हणवलं नाही.

त्यानंतर कोणी काही केलं नाही. दगड नाही, शिवी नाही. विहिरीवर वहिनी गेली की बाया आपापल्या घागरी उचलून थोड्या सरकत. शाळेतली पोरं आमच्या अंगणातून आडवाटेने जात ती रस्त्याने जाऊ लागली. वहिनी मला एकदा म्हणाली, "भाऊजी, ते खोली आता बाहेर आली वो. मी बोलतो अन् कोणाले आयकू जात नाही." हसून म्हणाली. मीही हसलो.

बायकोचे दिवस भरत आले तसा मी एका रविवारी भर दुपारी कोठ्यात गेलो. यंत्र चालू केलं. पत्रा लावला, सुई उसळली. मग हात धरला. सुई पडली. मी हात काढला, धरला, काढला, धरला. वहिनीत वेगळं काही नाही हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा पाहिलं. एवढ्यावर मी बाहेर यायला हवं होतं. पण यंत्र बंद केल्यावर तिथे श्वास ऐकू आला. माझाच असणार म्हणून मी श्वास रोखला. तो आवाज चालूच राहिला. हलका, भरभर, तापलेल्या लहान मुलाचा असावा तसा. मग थांबला. सगळी काळी टोकं माझ्याकडे होती आणि त्यांवरच्या पानांच्या शिरा मला तळहातावरच्या रेषांसारख्या दिसू लागल्या. ते काय होतं मला आजही सांगता येत नाही. कानातलं रक्त असेल. भावाने तेच सांगितलं असतं. मी मात्र त्याला कधी विचारलं नाही.

मुलगा सकाळी झाला. उन्हं अंगणात आली होती. सुईणीने आतून ओरडून सांगितलं, "पोट्टा झाला जी मास्तर!" मी ओट्यावरून उठलो तोवर वहिनी घंगाळात गरम पाणी आणि खांद्यावर जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेऊन आली. ती घाईत होती, आनंदात होती. मी बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभा होतो. मी बाजूला झालो नाही.

"सरका न भाऊजी."

"आज सुईणच घालीन आंघोळ," मी म्हणालो.

"तिचे हात थंडे असतेत. मी पाणी बरोबर करून आणलं."

"राहू द्या वहिनी."

ती मला समजली नाही, मग समजली. तिच्या हातातलं घंगाळ जड होतं, त्यातून वाफ तिच्या तोंडावर येत होती. तिने विचारलं, अगदी हळू, आत ऐकू जाऊ नये म्हणून, "भाऊजी, तुमी तं सुई पाहिली न? तुमच्या हातानं बी पडते न ते?"

"हो."

"मंग?"

मी दारातून हललो नाही. तिने घंगाळ उंबऱ्याशी ठेवलं, पाणी सांडू नये म्हणून सावकाश, आणि म्हणाली, "पाणी थंडं होईन. लवकर घाला." वर तो लुगड्याचा तुकडा ठेवून ती गेली.

आतून बायकोने विचारलं, "वहिनी कुठं हायेत? येऊन नाही राहिल्या काऊन?" मी म्हणालो, पाणी ठेवून गेल्या, त्यांना काम होतं.

मापं घेण्यात महिना-दीड महिना तिकडेच काढून भाऊ नागपूरहून आला तो खुशीत. प्राध्यापकांच्या यंत्रापुढेही सुई पडली होती, त्यांना भिंतभर द्रोण हवे होते. पण वहिनीने पळसाच्या पानाला हात लावायला नकार दिला, कारण सांगितलं नाही. भाऊ माझ्याकडे आला. मी म्हणालो, गावात असं असं बोलतात. "गाव काय बोलते ते मले समजते," भाऊ म्हणाला. "तू काय म्हणला ते सांग." मी त्याला दाराची गोष्ट सांगितली. तो ऐकून उठून गेला. नंतर त्याने कोठ्यातले द्रोण उतरवले, तुसात भरून पेट्यांत ठेवले आणि गोंदिया स्टेशनवरून प्राध्यापकांना पाठवून दिले. ते कदाचित आजही नागपूरला एखाद्या भिंतीवर असतील आणि आपलं काम बिनचूक करत असतील. कोठ्यात आता पुन्हा गुरं बांधतात.

पुढे एकदा वर्गात मी मुलांना क्रियापदं विचारत होतो. धानाच्या बांधीत, म्हणजे शेताच्या वाफ्यात, सोडलेल्या पाण्याचं काय होतं? एक पोरगा म्हणाला, जिरते. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. लाटा द्रोणात जिरतात, एवढंच सांगायचं होतं. पाणी मातीत जिरतं, अन्न पोटात जिरतं, त्याची कोणाला भीती वाटत नाही. मराठीच्या मास्तराला तो शब्द त्या दिवशी चहाच्या दुकानावर सुचला नाही. काही वर्षं मी याच शब्दावर सगळा दोष टाकून झोपत होतो. पण गावाने जे केलं ते शब्दामुळे केलं. मी दारात उभा राहिलो तो शब्दामुळे नाही. मला शब्दाचा खरा अर्थ माहीत होता, सुई माहीत होती, आणि तरी मी उभा राहिलो.

घर अजून एकत्रच आहे. अंगण एक, चुली दोन. वहिनीने माझ्या मुलाला कधी उचललं नाही. तो रांगत तिच्या पायाशी गेला की ती हात पदरात घेई आणि माझ्या बायकोला हाक मारी. बायकोने खूपदा विचारलं, वहिनीचं काय बिनसलं, आणि मी खूपदा माहीत नाही म्हणालो. ते आता तिने हे वाचलं म्हणजे तिला कळेल.

यंदा मुलाला मी माझ्याच शाळेत घातलं. परवा तो अंगणात पडला, गुडघा फुटला. आई घरात नव्हती, म्हणून रडत थेट वहिनीपुढे जाऊन उभा राहिला. ती ओसरीवर तांदूळ पाखडत होती. मी मागून आलो. इतकी वर्षं जे म्हणायचं होतं ते म्हणालो.

"घ्या न वहिनी त्याले."

तिने सूप खाली ठेवलं. त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग सगळ्या अंगावरून एकदा नजर फिरवली, कुठून कुठवर वाढला ते बघावं तशी.

"आता कायले भाऊजी," ती म्हणाली. "मोठा झाला तो. उचलत नाही मले." आणि त्याला म्हणाली, "जाय बापू, हातपाय धू. काही झालं नाही तुले."

तो डोळे पुसत विहिरीकडे गेला. मी तिथेच थांबलो. माझी सावली सुपावर पडत होती. वहिनीने सूप पुन्हा हातात घेतलं, पण पाखडेना. मान वर करून म्हणाली, "सरका जरा. खडे दिसत नाही."

मी सरकलो.